गाड्या गेल्या, रस्ता उरला: त्याचं पुढे काय करता येतं?

सप्टेंबर २०२५ मध्ये अमेरिकेतल्या सॅन फ्रान्सिस्को शहरात मतदारांनी आपल्या एका लोकप्रतिनिधीला मुदत संपण्याआधीच पदावरून हटवलं. जोएल एनगार्डिओ त्यांचं नाव. पद साधारण आपल्या नगरसेवकासारखं. सुमारे ६३ टक्के मतं त्यांच्या विरोधात गेली. पैसे खाल्ल्याचा आरोप नव्हता, कुठलं लफडंही नव्हतं. समुद्राकाठचा सुमारे ३.२ किलोमीटरचा चारपदरी रस्ता गाड्यांसाठी कायमचा बंद करून तिथे चालायला आणि सायकलींना मोकळी जागा करावी, या प्रस्तावाच्या पाठीशी ते उभे राहिले होते. प्रस्ताव मंजूर झाला, पार्क झालं, लोक तिथे येऊही लागले. पण ज्यांचा रोजचा रस्ता गेला, त्यांनी ते विसरायचं नाकारलं.

दुसरीकडे, न्यूझीलंडमधल्या ऑकलंड शहरात डिसेंबर २०१५ मध्ये असाच गाड्यांचा एक रस्ता पादचारी आणि सायकलस्वारांना दिला गेला, आणि आज शहराची ओळख सांगणाऱ्या जागांमध्ये त्याची गणना होते.

दोन्ही बातम्या एकाच विषयाच्या वाटतात, म्हणून चर्चेत त्यांची सरमिसळ होते. कुणी म्हणतं, "परदेशात बघा कसं करतात," तर कुणी म्हणतं, "परदेशात बघा कसं अंगाशी आलं." दोघांचीही उदाहरणं खरी आहेत. फरक एवढाच की एका ठिकाणी चालता रस्ता बंद केला, आणि दुसऱ्या ठिकाणी आधीच बंद पडलेला रस्ता चालता केला. हा लेख मुख्यतः दुसऱ्या प्रकाराबद्दल आहे, कारण तो सोपा असूनही आपल्याकडे सर्वांत दुर्लक्षित आहे.

रस्ता बंद पडतो म्हणजे काय होतं?

रस्ते मरत नाहीत, त्यांचं काम दुसरा रस्ता घेतो. वळणदार तुकड्याशेजारी सरळ रस्ता होतो. रेल्वेमार्गावर नवा पूल बांधला जातो आणि जुना तसाच उभा राहतो. बायपास झाला की गावातून जाणाऱ्या जुन्या महामार्गावरची रहदारी बरीच कमी होते. घाटाला बोगद्याचा पर्याय मिळतो. मुंबई-गोवा महामार्गावरच्या कशेडी घाटात हेच घडलं आहे. काही वेळा रस्ता जीर्ण होतो आणि अवजड वाहनांना बंदी घालता घालता शेवटी सगळ्यांनाच बंद होतो.

त्यानंतरचं चित्र आपण सगळ्यांनी पाहिलंय. दोन्ही तोंडांना सिमेंटचे ठोकळे. पहिल्या पावसाळ्यात डांबराच्या भेगांतून गवत, दुसऱ्यात रुईची झुडपं. मग राडारोडा टाकणारे डंपर येतात, कारण रात्री तिथे बघणारं कोणी नसतं. पाचेक वर्षांनी ती जागा "उकिरडा" म्हणूनच ओळखली जाते आणि तिच्याबद्दल कुणी काही मागतही नाही.

खरं तर त्या पट्ट्यात सार्वजनिक पैशाने बरंच काम होऊन बसलेलं असतं. जमीन ताब्यात आहे, सपाटीकरण झालंय, खालचे खडीचे थर बसलेत, पाणी वाहून जायची सोय आहे. शहरात नवी बाग करायची तर सर्वांत मोठा खर्च आणि सर्वांत मोठी भांडणं भूसंपादनावर होतात. इथे तो प्रश्नच नाही. रुंदीचंही बघा. आपल्याकडे गाड्यांच्या एका मार्गिकेची रुंदी साधारण साडेतीन मीटर धरतात. तेवढ्यात दोन्ही दिशांच्या सायकली आरामात बसतात. म्हणजे दोनपदरी जुन्या रस्त्यात एक मार्गिका सायकलींना, एक चालणाऱ्यांना, असं सरळ वाटप होतं आणि एक वीटही हलवावी लागत नाही.

ऑकलंडचा गुलाबी रस्ता

ऑकलंडच्या मध्यात मोटरवे, म्हणजे फक्त वेगवान वाहनांचे रस्ते, एकमेकांत इतके गुंतले आहेत की लोक त्या जागेला "स्पॅगेटी जंक्शन" म्हणतात. तिथे मोटरवेवरून उतरून नेल्सन स्ट्रीटवर येणारा एक उतार होता. अशा उताराला ऑफ-रॅम्प म्हणतात. जंक्शनची सुधारणा झाली, दुसरा उतार सुरू झाला आणि २००५ मध्ये हा बंद पडला. पुढची दहा वर्षं तो धावत्या गाड्यांच्या डोक्यावर तसाच लटकत राहिला. तोडायलाही खर्च, ठेवूनही उपयोग नाही.

सायकलप्रेमी मंडळींनी त्याचा पिच्छा पुरवला. ऑगस्ट २०१४ मध्ये न्यूझीलंड सरकारने शहरी सायकल मार्गांसाठी १० कोटी डॉलरचा निधी जाहीर केला आणि या उताराचं नशीब उघडलं. ३ डिसेंबर २०१५ रोजी तो पुन्हा सुरू झाला. माओरी या तिथल्या मूळ रहिवाशांच्या भाषेतलं त्याचं नाव "ते आरा इ फिती", इंग्रजीतलं "लाइटपाथ". लांबी साधारण ६०० मीटर, म्हणजे रमतगमत गेलं तरी दहा मिनिटं.

पण त्या दहा मिनिटांत बरंच काही आहे. जमीन गडद गुलाबी, जांभळ्याकडे झुकणारी. आजूबाजूला सगळं करडं काँक्रीट, त्यात हा रंग दुरूनही डोळ्यांत भरतो. एका कडेला सुमारे ३०० दिव्यांच्या खांबांची रांग आहे आणि रात्री माणूस किंवा सायकल जवळून गेली की दिव्यांचा प्रकाश तिला प्रतिसाद देतो. माओरी कलाकाराचं कोरीवकामही आहे. २०१६ च्या जागतिक वास्तुकला महोत्सवात या प्रकल्पाला वाहतूक विभागातला पुरस्कार मिळाला.

छायाचित्रं सगळी या गुलाबी रंगाचीच निघतात. माझ्या मते मात्र कामाची खरी गोष्ट छायाचित्रात फारशी येत नाही, ती दोन टोकांना आहे.

विचार करा: मोटरवेवरून उतरणारा उतार. त्याचं एक तोंड मोटरवेवर, जिथे पायी माणसाने जाणं मना आहे. दुसरं तोंड नेल्सन स्ट्रीटवर, जिथे गाड्या अनेक पदरांतून सुसाट येतात. मधले शेकडो मीटर कितीही रंगवले तरी तिथे पोहोचणार कसं? पाण्याने भरलेली विहीर आहे, पण तिला पायऱ्याही नाहीत आणि रहाटही नाही, अशी गत. म्हणून ऑकलंडने दक्षिणेच्या टोकाला कॅनडा स्ट्रीटपासून मोटरवे ओलांडणारा सुमारे १६० मीटर लांबीचा नवा पोलादी पूल बांधला आणि उतार त्याला जोडला. उत्तरेला नेल्सन स्ट्रीटवर गाड्यांपासून कठड्याने वेगळी केलेली सायकल मार्गिका काढली. जवळच ग्राफ्टन गली नावाचा सायकल मार्ग २०१४ मध्येच सुरू झाला होता, तोही यामुळे साखळीत आला. मग हा उतार निव्वळ बघायची जागा उरला नाही, कामावर जायचा रस्ता झाला.

आपल्याकडे असा विषय निघाला की चर्चा लगेच कारंजी, भित्तिचित्रं आणि सेल्फी पॉइंटकडे वळते. पैसे थोडे असतील तर ते आधी टोकांवर घाला, रंग नंतर द्या. शाळा, बसथांबा, बाजार, रेल्वे स्टेशन यांपैकी दोन गोष्टी जोडणारा साधा डांबरी मार्ग रोज वापरला जातो. कशालाच न जोडलेला देखणा मार्ग उद्घाटनानंतर रविवारपुरता उरतो.

"गाड्याच नाहीत, मग पूल काय कायमचा टिकेल!"

जमिनीवरच्या रस्त्याबद्दल हे जवळजवळ खरं आहे. रस्त्याची झीज चाकांच्या आसावर, म्हणजे ॲक्सलवर, येणाऱ्या वजनाने होते आणि वजनाच्या मानाने ती फार झपाट्याने वाढते. अमेरिकेत १९५० च्या दशकाच्या अखेरीस झालेल्या मोठ्या चाचण्यांतून एक ढोबळ नियम निघाला: आसावरचं वजन दुप्पट झालं की झीज दुप्पट होत नाही, जवळपास सोळापट होते. अभियंते याला चौथ्या घाताचा नियम म्हणतात. भरलेल्या ट्रकच्या एका आसावर १० टन असतात, तर माणसासकट सायकलच्या एका चाकावर जेमतेम ५० किलो. वजनातलं अंतर २०० पट. नियम सरळ लावला तर झिजेतलं अंतर १६० कोटी पटींवर जातं. इतक्या टोकाला नियम काटेकोर लागू पडत नाही, पण सायकलींनी रस्ता खराब होत नाही हे कळायला तो पुरेसा आहे. अशा मार्गाचे शत्रू वेगळेच: झाडांची मुळं, साचणारं पाणी आणि ऊन.

पुलाचं मात्र वेगळं आहे, आणि इथे भलेभले फसतात. वाहतूक कोंडीत उभ्या असलेल्या मोटारींचं वजन काढून बघा. बारा-तेराशे किलोची गाडी, पुढची-मागची मोकळी जागा धरून बारा-पंधरा चौरस मीटर व्यापते. म्हणजे दर चौरस मीटरला शंभर किलोच्या आसपास. आता त्याच जागेत दाटीने उभी माणसं कल्पा. एका चौरस मीटरमध्ये चार जण म्हटले तरी अडीचशे किलो झाले. भारतीय रस्ते काँग्रेस या अभियंत्यांच्या संस्थेची पुलांसाठीची मानकं पदपथावर दर चौरस मीटरला ४०० किलो आणि गर्दी होऊ शकते अशा ठिकाणी ५०० किलो भार धरायला सांगतात. गर्दी मोटारींपेक्षा जड असते! शिवाय माणसं तालात चालतात, नाचतात, त्याने पूल हेलकावतो. मुंबईत दर गणेशोत्सवात जुन्या रेल्वे पुलांबद्दल पालिकेची सूचना येते की मिरवणूक पुलावर थांबवू नका, नाचू नका, एका वेळी फार भार होऊ देऊ नका. कारण हेच.

दक्षिण कोरियातल्या सोलचं उदाहरण इथे उपयोगी आहे. सोल स्टेशनजवळचा १९७० मध्ये बांधलेला उड्डाणपूल वाहनांना असुरक्षित ठरला. डिसेंबर २०१५ मध्ये गाड्या बंद झाल्या, आणि मे २०१७ मध्ये तोच पूल झाडांच्या कुंड्यांनी भरलेला पादचारी मार्ग म्हणून उघडला. "सोलो ७०१७" या नावातले आकडे याच दोन वर्षांचे. मधल्या दीड वर्षात कुंड्या मांडण्याआधी पुलाच्या दुरुस्तीचं आणि मजबुतीकरणाचं काम झालं. तेव्हा "गाड्यांना धोकादायक, पण माणसांना चालेल" असं कुणी म्हटलं तर त्याच्याकडे संरचनात्मक तपासणीचा, म्हणजे स्ट्रक्चरल ऑडिटचा, अहवाल मागा. तो नसेल तर पुलावर एक पाऊलही नको.

बारीक गोष्टी, ज्यांवर माणसं पडतात

गाडीचालकाला न जाणवणाऱ्या गोष्टी सायकलवर जीवावर बेततात. पावसाचं पाणी जाण्यासाठी रस्त्याच्या कडेला लोखंडी जाळ्या असतात. पुष्कळदा त्यांच्या पट्ट्या रस्त्याच्या लांबीच्या दिशेने असतात. मोटारीच्या रुंद टायरला त्याचं काही नाही, पण सायकलचं चाक त्या फटीत अलगद जाऊन बसतं आणि स्वार थेट हँडलवरून पुढे फेकला जातो. जाळी काढून आडव्या पट्ट्यांची बसवायची, एवढंच काम. पुलाच्या जोडांवरच्या फटींचंही तेच.

दुसरं शेवाळ. वाहत्या रस्त्यावर टायरच्या घर्षणाने ते धरत नाही. गाड्या थांबल्या की कोकणपट्टीत एका पावसाळ्यात डांबरावर हिरवी साय येते. त्यावरून वयस्कर माणूस घसरला तर कमरेचं हाड मोडतं. जून ते सप्टेंबर घासून काढण्याची तरतूद देखभालीच्या खर्चात आधीपासून धरलेली हवी.

चढाचंही बघावं लागतं. शंभर मीटरला पाच मीटर चढ मोटारीला कळतही नाही. व्हीलचेअर ढकलणाऱ्याला तोच दम काढतो. असा चढ लांबलचक असेल तर मध्ये सपाट विसावे आणि बाकं लागतात. आणि सावली! ऑकलंडचं ऊन वेगळं, नागपूर-अकोल्याचं वेगळं. एप्रिलमध्ये भर दुपारी उघड्या डांबरावर कोणी चालणार नाही. जमिनीवरच्या रस्त्यात याला सरळ उपाय आहे: कडेचं मीटर-दीड मीटर डांबर उखडून मातीत कडुनिंब, करंज, बहावा लावा. पुलावर मातीची खोली नसते आणि ओल्या मातीचं वजनही फार, तिथे मांडवच घालावा लागेल.

"आधीच ट्रॅफिक, त्यात आणखी रस्ता बंद?"

खरोखर बंद पडलेल्या रस्त्याबाबत हा आक्षेप उरतच नाही. तिथून हटवायला गाड्याच नाहीत.

थोड्या गाड्या अजून जात असतील तर मात्र मोजणी करावी लागते. २००२ मध्ये प्रसिद्ध झालेल्या एका ब्रिटिश अभ्यासात, रस्त्याची जागा गाड्यांकडून काढून घेतल्याची वेगवेगळ्या देशांतली सत्तर उदाहरणं तपासली होती. त्यांपैकी निम्म्या ठिकाणी त्या भागातली एकूण वाहतूक, शेजारचे रस्ते धरूनही, ११ टक्क्यांहून जास्त घटली होती. लोक वेळ बदलतात, मार्ग बदलतात, काही फेऱ्या टाळतात. पण "निम्म्या ठिकाणी" याचा अर्थ उरलेल्या निम्म्या ठिकाणी तेवढी घट झाली नाही. तेव्हा ट्रॅफिक आपोआप विरून जाईल, असं छातीठोक सांगणाऱ्यावरही विसंबू नका.

सॅन फ्रान्सिस्कोत नेमकी इथेच ठिणगी पडली. ग्रेट हायवे नावाचा तो रस्ता करोनाकाळात एप्रिल २०२० मध्ये गाड्यांना बंद झाला. पुढच्या वर्षी मधला मार्ग निघाला: सोमवार ते शुक्रवार दुपारपर्यंत गाड्या, त्यानंतर रविवार संपेपर्यंत माणसं. मग नोव्हेंबर २०२४ मध्ये शहरभर मतदान घेऊन साधारण ५५ टक्क्यांच्या बहुमताने तो कायमचा बंद करायचं ठरलं. एप्रिल २०२५ मध्ये तिथे "सनसेट ड्यून्स" हे पार्क सुरू झालं. पण रस्त्याला लागून राहणाऱ्या भागांतून विरोधातच मतं जास्त पडली होती. पार्क सगळ्या शहराला मिळालं आणि वळसा त्यांच्या वाट्याला आला. बंद करण्याच्या बाजूनेही भक्कम कारणं होती, उदाहरणार्थ वाऱ्याने वाळू साचून तो रस्ता वर्षातले कितीतरी दिवस तसाही बंद ठेवावा लागायचा. तरीही ज्यांच्या दारावरून रहदारी वळणार, त्यांच्या गल्लीत सिग्नल, गतिरोधक, वळणाची सोय आधी करायला हवी. पार्क सुरू झाल्यावर त्यांची समजूत काढणं फार अवघड जातं.

"चार दिवसांत तिथे पार्किंग आणि टपऱ्या होतील"

हा आक्षेप मला सगळ्यांत गंभीर वाटतो. पुण्यात सायकल ट्रॅक आखले गेले आणि त्यांतल्या कितीतरींवर गाड्या उभ्या राहिल्या, हे पुणेकरांना सांगायला नको.

चारचाकी अडवणं सोपं आहे, तोंडाशी दीड मीटरच्या अंतराने खांब पुरले की झालं. दुचाकीचं काय? स्कूटर अडेल इतकं अरुंद किंवा नागमोडी फाटक केलं तर त्यात व्हीलचेअर, बाळाची गाडी आणि सामानाची तीनचाकी सायकलही अडते. ज्यांच्यासाठी मार्ग केला तीच माणसं बाहेर राहतात. म्हणून निव्वळ फाटकाने हा प्रश्न सुटत नाही. पहिल्या सहा महिन्यांत रोज दंड झाला पाहिजे, आणि आखणीच अशी हवी की दुचाकीला तो मार्ग शॉर्टकट म्हणून परवडू नये.

टपऱ्यांबद्दल माझं मत थोडं वेगळं आहे. ठरवून दिलेल्या जागी परवानाधारक चहावाला, शहाळेवाला असावा. पहाटेपासून रात्रीपर्यंत कोणीतरी ओळखीचं माणूस तिथे बसलेलं असणं हा कॅमेऱ्यापेक्षा मोठा पहारा आहे.

"रात्री तिथे बायकांनी जायचं कसं?" याचंही उत्तर त्यातच आहे. दिवे तर हवेतच. पण भीती अंधाराइतकीच कोंडलेपणाची असते: समोरून चार जण येताहेत आणि बाजूला निसटायला जागा नाही. म्हणून दर दोनशे-तीनशे मीटरवर शेजारच्या वस्तीत उतरणारा जिना किंवा वाट हवी आणि कुंपण आरपार दिसणारं हवं. पत्र्याची भिंत अजिबात नको. रुग्णवाहिका आणि अग्निशमनाची गाडी आत जावी म्हणून एका तोंडाचे खांब काढता येणारे ठेवायचे, ही जगभरची साधी पद्धत आहे.

कागदावर तो रस्ता राहतो की जमीन होते?

आता ज्या गोष्टीकडे जवळजवळ कुणाचंच लक्ष जात नाही, ती. मुंबई महानगरपालिकेच्या १८८८ च्या कायद्यात सार्वजनिक रस्ता कायमचा बंद करण्याची तरतूद आहे. प्रस्ताव सभेपुढे येण्याआधी किमान एक महिना त्या रस्त्यावरच नोटीस लावावी लागते आणि लोकांच्या लेखी हरकतींचा विचार करावा लागतो. त्याच कायद्यात पुढे असंही आहे की रस्ता असा कायमचा बंद झाला की त्याची जागा महापालिकेच्या मालकीची जमीन म्हणून विल्हेवाटीला मोकळी होते. म्हणजे ती कुणाला देताही येते.

यातली मेख लक्षात घ्या. "गाड्यांना बंद" आणि "रस्ता म्हणून बंद" या दोन वेगळ्या गोष्टी आहेत. सार्वजनिक रस्ता आहे तोवर त्यावर प्रत्येकाला जाण्या-येण्याचा हक्क आहे. रस्ता हा दर्जाच काढून टाकला तर उद्या तिथे बाग होईल, परवा वाहनतळ आणि तेरवा इमारत. म्हणून चालण्याचा-सायकलचा मार्ग करताना रस्त्याचा दर्जा कायम ठेवून फक्त मोटार वाहनांना मनाई करणं, किंवा विकास आराखड्यात त्या पट्ट्यावर तसं स्पष्ट आरक्षण टाकणं, हा सुरक्षित मार्ग. जमिनीखाली जलवाहिन्या, गटारं, केबल असतात आणि त्यांच्या दुरुस्तीसाठी पट्टा मोकळा राहावा हे पालिकेच्याही सोयीचं आहे. तो मुद्दा आपल्या बाजूने वापरा.

तुमच्या भागात अशी नोटीस लागलेली दिसली तर तिचा फोटो काढा, तारीख टिपून ठेवा आणि मुदतीच्या आत लेखी अर्ज देऊन पोच घ्या. अर्जात भावनेपेक्षा चार प्रश्न विचारा. रस्त्याचा सार्वजनिक दर्जा राहणार आहे का? पूल असेल तर स्ट्रक्चरल ऑडिट कधी झालं आणि त्याची प्रत कुठे मिळेल? दोन्ही टोकं कोणत्या रस्त्यांना, थांब्यांना, शाळांना जोडणार? आणि झाडलोट, दिवे, पावसाळ्यातलं शेवाळ यांची जबाबदारी कोणत्या खात्याची, त्यासाठी दरवर्षीच्या अंदाजपत्रकात रक्कम कोणत्या शीर्षाखाली धरली आहे?